पायातला राग

कृष्णाई सोसायटीत खंडेनवमीचा पहिला नारळ कुणी वाढवायचा हा प्रश्न पूर्वी वयावर सुटत असे. सर्वांत म्हातारा माणूस पुढे व्हायचा, दोन-तीन फटक्यांत नारळ फुटला नाही की शेजारचा कुणीतरी मदतीला धावायचा आणि मग सगळ्या गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवली जायची. मापाडी आला आणि हा मान वयाकडून गाडीकडे गेला. ज्याच्या गाडीनं वर्षभरात सर्वांत कमी वेळा सर्व्हिस मागितली, त्यानं नारळ वाढवायचा. ही कल्पना सेक्रेटरी घोरपड्यांची. घोरपडे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि स्पर्धा लावल्याशिवाय कशातच मजा नाही असं त्यांचं ठाम मत.

मापाडी हे त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. कंपनीनं त्याला लांबलचक संस्कृत नाव दिलं होतं, ते जाहिरातीपुरतंच राहिलं. मार्केट यार्डात पोती तोलणाऱ्या माणसाचं नाव साताऱ्यातल्या लोकांनी त्याला चिकटवलं आणि तेच पुढे सगळीकडे झालं.

या मापाड्याची गरज का पडली, तेही सांगायला हवं. पेट्रोलच्या गाड्या होत्या तेव्हा सर्व्हिसचा नियम साधा होता. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. हा नियम म्हणजे अख्ख्या गावाला एकच गोळी देण्यातला प्रकार. कुणाची गाडी ऊसतोडीच्या रस्त्यावर धूळ खात पळायची, कुणाची रविवारी देवळापर्यंत जाऊन यायची, पण दोघींचं ऑइल एकाच हिशेबानं बदललं जायचं. मग विजेच्या गाड्या आल्या. इंजिन गेलं, ऑइल गेलं, आणि सर्व्हिस नेमकी कधी करायची हे कुणालाच धड सांगता येईना. सर्व्हिस सेंटरवाले म्हणत सहा महिन्यांनी आणा. मालक म्हणत, आणायची कशाला, आहे काय तिच्यात बिघडण्यासारखं?

हे भांडण सोडवलं ते रसायनशास्त्रज्ञांनी. गाडीचा प्रत्येक भाग बनवतानाच त्याच्यात दुर्मीळ मूलद्रव्यांचं एक चिमूटभर मिश्रण घालायचं. प्रत्येक भागाचं मिश्रण वेगळं. भाग झिजला की त्याची पूड उडते, आणि चाकापाशी बसवलेलं पोस्टाच्या तिकिटाएवढं एक यंत्र त्या पुडीवर प्रकाश टाकून कण ओळखतं. हा कण पुढच्या डाव्या ब्रेकचा, हा मागच्या बेअरिंगचा, हा अमुक वेळी निघालेला. या कणांवरून गाडी स्वतःच ठरवते की आपल्याला सर्व्हिस कधी लागणार, आणि तेवढे दिवस स्क्रीनवर दाखवते.

इथपर्यंत सगळं यंत्राचं झालं. पण विजेच्या गाडीच्या ब्रेकमध्ये एक गंमत असते. पाय हलका ठेवला तर गाडीचा वेग मोटरच कमी करते. मोटर उलटं काम करून वीज बनवते, ती बॅटरीत जाते, आणि ब्रेकचं पॅड चकतीला शिवतसुद्धा नाही. पॅड चकतीवर घासतं ते पाय आपटला तरच. म्हणजे पॅडची पूड ही निव्वळ पाय आपटल्याची पूड. हे लोकांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. विमावाले ते दिवस विचारू लागले. शाळेच्या बसचे चालक त्यावरून नेमले जाऊ लागले. मुलगी दाखवायच्या आधी मुलाकडच्यांकडे पत्रिकेबरोबर गाडीचे दिवस मागितले जाऊ लागले, कारण माणूस शांत आहे की तापट, हे त्याच्या मामाला विचारण्यापेक्षा त्याच्या गाडीला विचारलेलं बरं.

सोसायटीतला नारळाचा मान दोन वर्षं हेमंत फडतरेकडे होता, आणि त्यात कुणाला नवल वाटलं नाही. हेमंत कौटुंबिक समुपदेशक होता. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरची जोडपी त्याच्यासमोर बसत आणि तासाभरात निदान एकमेकांकडे बघून बोलू लागत. त्यानं आवाज चढवलेला कधी कुणी ऐकला नव्हता. ‘साहेबांची गाडी सर्व्हिस मागंल कशाला, ती पण त्यांच्यासारखीच,’ असं घोरपडे म्हणायचे आणि हेमंत हसून मान खाली घालायचा. त्या वेळी आतून किती गुदगुल्या व्हायच्या, ते त्याचं त्यालाच माहीत.

तिसऱ्या वर्षी त्याची गाडी पार तळाला गेली.

झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांसमोर सगळे जमले होते. घोरपड्यांनी मोबाइलवरून निकाल वाचला आणि चष्मा वर करून पुन्हा वाचला. “काय ओ फडतरे साहेब? तुमच्या गाडीनं वर्षात तीनदा सर्व्हिस मागितली? मापाडी बिघडला का माणूस बिघडला?”

सगळे त्याच्याकडे बघू लागले. हेमंतला घाम फुटला. आणि मग, नेहमीच्या त्या गोड आवाजात, तो म्हणाला, “मापाड्याला काय झालंय! गाडी आता दोघांची झालीय ना. आमच्या घरी सध्या एक नवशिका चालक आहे.”

हशा पिकला. “तरीच म्हटलं,” मागून कुणीतरी म्हणालं. “वहिनी, जरा सांभाळून चालवत जावा, साहेबांचा नारळ घालवलात की.”

रोहिणी, हेमंतची बायको, पूजेचं ताट घेऊन गाडीपाशीच उभी होती. तीही हसली. मग वाकून तिनं बॉनेटवर कुंकू लावलं. ते तिनं मघाशी एकदा लावलेलंच होतं.

हेमंत खोटं काहीच बोलला नव्हता. गाडी दोघांची झाली होती हे खरं, आणि घरात नवशिका चालक होता हेही खरं. ही दोन खरी वाक्यं त्यानं शेजारी शेजारी ठेवली, बाकीचं काम लोकांनी केलं.

रोहिणी गाडी शिकली ती मधमाश्यांपायी. आदल्या हिवाळ्यात तिचे वडील गेले. मेढ्याच्या पुढे, घाटावरच्या त्यांच्या गावी घरामागच्या जांभळांखाली त्यांच्या सातेरी माश्यांच्या पेट्या होत्या. भावाला त्यात रस नव्हता. तो म्हणाला, विकून टाकू. रोहिणीनं पहिल्यांदाच भावाशी वाद घातला आणि पेट्या स्वतःकडे घेतल्या. लहानपणी ती वडिलांच्या मागे धुराचा डबा घेऊन हिंडलेली होती. पोळ्याच्या चौकटी उचलताना तिचा हात जराही थरथरत नसे.

पेट्यांकडे आठवड्यातून दोनदा तरी जावं लागे. हेमंत म्हणाला, “रविवारी मी नेत जाईन तुला.” तिनं विचारलं, “दर रविवारी? तुम्हाला कंटाळा नाही ना येणार?” तो हसला. “कंटाळा कसला?” मधल्या बुधवारसाठी मात्र तिनं गुपचूप क्लास लावला आणि पन्नाशी उलटल्यावर लायसन काढलं. पहिल्यांदा एकटी घाट चढून गेली त्या संध्याकाळी ती घरी आली तीच मुळी बोलत. कुठल्या वळणाला ट्रक आला, तिनं कशी वाट दिली, पेटीत राणी कशी दिसली. तिला इतकं बोलताना हेमंतनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

खंडेनवमीनंतरच्या बुधवारी ती गेली नाही. “पाठ जरा धरलीय,” म्हणाली. पुढच्या बुधवारी आणखी काहीतरी निघालं.

त्याच सुमारास हेमंत गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेला. तिथली इंजिनिअर यास्मिन मुलाणी ही चुणचुणीत मुलगी होती. तिनं गाडी तपासली आणि त्याच्यापुढे टॅब धरला.

“सर, बाकी गाडी एकदम चांगली आहे. फक्त ब्रेक पॅड खाल्लेत. नव्या अपडेटमध्ये चालकानुसार फोड पण दिसते आता. सीटवरचं वजन आणि पायाचा दाब, त्याच्यावरून ती माणूस ओळखते. बघायचीय?”

हेमंत नको म्हणू शकला असता. तो म्हणाला, “बघू.”

स्क्रीनवर केशरी रंगाचे उंच उंच खांब होते. “हे तुम्ही,” यास्मिन म्हणाली.

“आणि मिसेस?”

“मॅडम निळ्या.”

“निळं कुठंय?”

तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. तळाशी केसाएवढी एक निळी रेष दिसली. “इतकी बारीक आहे ना सर, म्हणून दिसत नाही. मॅडमच्या हातात पॅड लागतच नाहीत म्हटलं तरी चालेल. उलट त्या एकट्याच चालवत असत्या तर वापर नसल्यामुळं चकतीवर गंज धरला असता, अशी टीप आलीय त्यांच्या नावानं.” ती कौतुकानं हसली. मग तिनं खांबांवर बोट ठेवलं. “तुमचे पण रोजचे दिवस ठीक आहेत. हे रविवार तेवढे. मेढा रस्ता, घाट. जाताना आणि येताना.”

हेमंतचे कान तापले. समोर आपली मुलगी शोभेल अशा वयाची पोर, तिला यातलं काही कळलेलंही नव्हतं, आणि तरी त्याला वाटलं की आपण हिच्यापुढे उघडे पडलो आहोत. त्यानं हळूच विचारलं, “ही फोड घरी मेसेजनं वगैरे जाते का?”

“नाही सर. गाडी तुमच्या नावावर आहे. तुम्ही उघडून दाखवल्याशिवाय कुणालाच दिसत नाही.”

त्याला हायसं वाटलं. आणि आपल्याला हायसं वाटलं याची, गाडी चालू करताना, त्याला फार लाज वाटली.

कारण ते रविवार काय होते हे त्याला पक्कं माहीत होतं. आठवडाभर तो दुसऱ्यांची भांडणं ऐकायचा. रविवार हा एकच दिवस असा होता की कुणाचंच ऐकायचं नाही, उशिरा उठायचं, सोफ्यावर पडून राहायचं. तो रविवार आता गेला होता. सासुरवाडीच्या पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तो तासन्‌तास बायकोची वाट बघायचा, मेव्हण्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि हसायचा. रोहिणी जाळीची टोपी काढत, घामानं डबडबून, खूश होऊन यायची आणि विचारायची, “कंटाळलात?” तो म्हणायचा, “छे!” मग घाटात पुढे महाबळेश्वरहून परतणाऱ्यांची रांग लागायची आणि त्याचा पाय ब्रेकवर धाडकन पडायचा. चेहऱ्यावर हसू तसंच असायचं. राग येत नाही अशी त्याची ख्याती होती. राग येतच होता, तो फक्त पायात उतरत होता.

‘रविवारी तू चालव,’ असं तो म्हणू शकला असता. ती तयारही होती. पण तोच म्हणायचा, “नको, रविवारी घाटात गर्दी असते, तुला जमायचं नाही.” म्हणजे उपकारही करायचे आणि उपकारांचा रागही धरायचा.

त्या संध्याकाळी सांगून टाकायचं असं ठरवूनच तो घरी आला. रोहिणी भाजी निवडत होती. त्यानं विचारलं, “या बुधवारी जाणार ना?”

“एसटीनं जाईन म्हणते.”

“एसटी मुक्कामी असते ना ती? परत कशी येणार? गाडी ने की.”

“नको.” ती मान वर न करता म्हणाली. “परत सर्व्हिस मागितली तर? मला काय, लोक हसले तर हसू देत. पण तुमचं नाव आहे गावात. तुम्ही एवढं शांततेचं शिकवता सगळ्यांना, आणि तुमच्याच गाडीचा असा बोभाटा.” मग जरा थांबून म्हणाली, “मला वाटायचं बाई, आपण छान चालवतो. आपलं आपल्याला कळत नसतं.”

आता सांगायला हवं होतं. याहून सोपी वेळ मिळणार नव्हती. हेमंत म्हणाला, “असं काही नाही गं,” आणि टीव्ही लावला.

बुधवार बंद झाले. रविवार राहिले. गाडीत बसताना हेमंत मनाशी ठरवायचा, आज पाय हलका. मेढ्यापर्यंत जमायचंही. मग एखादा मोटारसायकलवाला मधे घुसायचा, किंवा रोहिणी म्हणायची, “आज जरा उशीर होईल हां, चार पेट्या साफ करायच्यात,” आणि तो म्हणायचा, “होऊ दे की,” आणि पुढच्याच वळणाला ती दोघं पट्ट्यांत करकचून पुढे झुकायची. “काय झालं?” ती विचारायची. “कुत्रं आलं मधे,” तो सांगायचा. त्या घाटात तेवढी कुत्री नव्हती.

उन्हाळ्यात एक जोडपं त्याच्याकडे आलं. स्वराली आणि रेयांश कणसे, लग्नाला दोन वर्षं झालेली. रेयांश बँकेत होता, नीटनेटका, मवाळ बोलणारा.

“सर, हिला विचारा,” तो म्हणाला. “मी कधी आवाज चढवलाय? कधी हात उगारलाय?”

“नाही,” स्वराली म्हणाली. “तो ओरडत नाही. कधीच नाही. मी माहेरी जाऊन येते म्हटलं तरी ‘जा की’ म्हणतो.” तिनं मोबाइल टेबलावर ठेवला. “पण सोडायला तोच येतो ना सर. गाडीत मी दाराची मूठ धरून बसते. हे बघा मापाड्यावर. त्यानंच मला दाखवलं होतं, अपडेट नवीन आलं तेव्हा, गंमत म्हणून. हे सगळे उंच खांब माझ्या माहेरच्या रस्त्यावरचे आहेत. मी वेडी नाही सर. मला वाटायचं मीच मनाचं काहीतरी खेळते.”

खांब केशरी होते. हेमंतनं मोबाइल हातात घेतला नाही. लांबूनच पाहिला. रेयांश हसत होता, आणि ते हसू हेमंतला आरशात पाहिल्यासारखं ओळखीचं वाटलं.

“हे आपण बाजूला ठेवू,” हेमंत म्हणाला. “यंत्राच्या आकड्यांवरून माणूस ठरवायचा नसतो. रस्ता खराब असेल, गर्दी असेल. आपण माणसांबद्दल बोलू.”

वाक्य चांगलं होतं. एरवी, दुसऱ्या कुठल्या प्रकरणात, ते खरंही ठरलं असतं. रेयांशनं सुटकेचा श्वास टाकला. स्वरालीनं मोबाइल उचलून पर्समध्ये टाकला, चेन लावली, आणि त्यानंतर त्या बैठकीत ती फारसं बोललीच नाही. जाताना रेयांशनं हेमंतचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. हेमंत बेसिनपाशी गेला आणि उगीचच साबण लावून हात धुऊन आला. पुढच्या तारखेला ती दोघं आली नाहीत. त्यानं फोन लावायचा असं रोज ठरवलं, आणि लावला नाही.

पावसाळा संपता संपता रोहिणीनं पेट्या देऊन टाकल्या. आठवड्यातून एकदा जाऊन भागत नव्हतं. दोन पेट्यांना मेणकिड्यानं खाल्लं होतं, एक वसाहत उडून गेली होती. गावातली एक बाई माश्या पाळत होती, तिच्याकडे सगळं सोपवायचं ठरलं. हेमंतच रोहिणीला घेऊन गेला. पेट्या रिकाम्या नव्हत्या, म्हणून दिवस मावळून माश्या आत आल्यावर त्या हलवायच्या होत्या. रोहिणीनं दारांना जाळी लावली, प्रत्येक पेटीवर हात ठेवून आतला आवाज ऐकला आणि उठली. वडिलांचा धुराचा डबाही तिनं त्या बाईला दिला.

दोघं परत निघाली. घाट उतरून आल्यावर स्क्रीनवर दिवा लागला. गाडी सर्व्हिस मागत होती.

रोहिणीनं दिव्याकडे पाहिलं. “अजून?” ती म्हणाली. “मी तर वर्षभर हात लावला नाही.” मग बाहेर बघत म्हणाली, “माझ्या हातानं सवयच वाईट लागली असेल हिला.”

इतकं भाबडं, इतकं चुकीचं वाक्य त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. यंत्राला सवय लागत नाही, एवढं तिला एरवी कळलं असतं. पण दोष आपलाच आहे हे एकदा मानल्यावर तिनं बाकीचं जग त्याच्याभोवती जुळवून घेतलं होतं. आणि ते मानायला लावलं होतं त्यानं, एका विनोदानं. हेमंत सांगायला तिच्याकडे वळला. पण नेमका सिग्नल सुटला, आणि मागच्यानं हॉर्न दिला.

त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली. पुन्हा माळा, पुन्हा लिंबं, पुन्हा घोरपडे मोबाइल घेऊन उभे. “यंदा वहिनींनी गाडी सोडलीय,” निकाल उघडण्याआधीच त्यांनी जाहीर केलं, “म्हणजे नारळ साहेबांकडं परत येणार, मी लिहून देतो.” मग त्यांनी वाचलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. “आँ? हे तर गेल्या सालापेक्षा वाईट दिसतंय.”

सगळे हेमंतकडे वळले. आणि हेमंत तोंड उघडणार तेवढ्यात रोहिणीच पुढे झाली. “माझ्याच वेळचं असेल ते भाऊजी,” ती हसत म्हणाली. “एकदा बिघडवलं की सुधारायला वेळ लागतो.”

पुन्हा तोच हशा. त्या हशात हेमंतला एकदम असं वाटलं की आता बोललो नाही तर यानंतर कधीच बोलता येणार नाही.

“नाही,” तो म्हणाला. “तिचा काही संबंध नाही. गेल्या वर्षीही नव्हता. ब्रेक मी खातो. माझा पाय आहे तो.”

मग घोरपड्यांनी टाळी वाजवली.

“याला म्हणतात नवरा,” ते गहिवरून म्हणाले. “बघा रे, शिका काहीतरी. बायकोची चूक चारचौघांत स्वतःच्या अंगावर घेतली. उगीच नाही माणसं यांच्याकडं संसार सांधायला जात.” कुणीतरी ‘वा साहेब’ म्हणालं. टाळ्या पसरत गेल्या. “नियम गेला खड्ड्यात. यंदाचा नारळ फडतरे साहेबच वाढवणार.” आणि त्यांनी शेंडी असलेला तो नारळ हेमंतच्या हातात ठेवलासुद्धा.

“घोरपडे साहेब, मी खरं सांगतोय.”

“हो हो, कळलं आम्हाला,” घोरपडे डोळे मिचकावत म्हणाले.

हेमंतनं रोहिणीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. ती त्याच्याकडे इतक्या कृतज्ञतेनं बघत होती की नारळ घेऊन जमिनीत गडप व्हावं असं त्याला वाटलं. खरं बोलला तरी त्याच्या पदरात मोठेपणाच पडत होता. वर्षानुवर्षं गोड हसून त्यानं स्वतःची जी मूर्ती उभी केली होती, तिच्यापुढे त्याच्या शब्दाला आता काडीची किंमत नव्हती.

“जरा गाडीत ये,” तो रोहिणीला म्हणाला.

“आत्ता? नारळ...”

“ये.”

ती शेजारच्या सीटवर बसली. त्यानं दार लावलं, नारळ मांडीवर ठेवला आणि स्क्रीनवर फोड उघडली. गाडी मालकाची परवानगी मागत होती. त्यानं बोट टेकवलं.

“केशरी मी,” तो म्हणाला. “निळी तू.”

“निळं कुठंय?”

त्यानं चित्र मोठं केलं. तिनं त्या रेषेकडे पाहिलं. गेल्या खंडेनवमीच्या आधीचे सगळे बुधवार तिथे होते, एकामागून एक, केसाएवढे. त्यानंतर निळं काहीच नव्हतं. मग तिची नजर खांबांवर गेली, खांबांखालच्या तारखांवर, रस्त्याच्या नावांवर.

“हे रविवार आहेत,” ती म्हणाली.

“हो.”

“सगळे?”

“हो.”

“तुम्हाला हे कधीपासून माहितीय?”

“गेल्या वर्षी. दसरा झाल्या झाल्या.”

बाहेर कुणीतरी काचेवर टकटक केली, मुहूर्त टळतोय म्हणून. दोघांपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही.

“मी दर वेळी विचारायचे,” रोहिणी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “कंटाळा आलाय का. दर वेळी. एकदा हो म्हणाला असतात, तर मी रविवारीही माझी मी गेले असते. मला आवडलं असतं उलट.” तिनं स्क्रीनकडे बोट केलं. “आणि हे तुम्ही मला पेट्या द्यायच्या आधी दाखवायचं होतं.”

“माफ कर.”

ती दार उघडून उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली. “उतरा,” म्हणाली.

तो उतरला. ती स्टिअरिंगमागे बसली, सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. गाडीनं तिला ओळखलं आणि स्क्रीनवर तिचं नाव उमटलं.

“कुठं निघालीस?”

“गावी. ती बाई देईल परत, मागितल्या तर. धुराचा डबा तरी देईल.”

“मी येऊ?”

रोहिणीनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला सोसला असता. “आज रविवार आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला नाही आवडत.”

चाकांखालची लिंबं चिरडत गाडी निघाली. रांगेतल्या गाड्यांमधून ती अगदी हळू, जरा वाकडीतिकडी गेली. फाटकापाशी फुलवाली हातगाडी आडवी आली तेव्हा थांबलीसुद्धा, पण इतकी अलगद की बॉनेटवरची झेंडूची माळ हललीदेखील नाही. मग वळली आणि मेढ्याच्या रस्त्याला लागली.

हेमंत नारळ हातात घेऊन उभा राहिला. घोरपडे जवळ आले. “वहिनी मधेच कुठं गेल्या ओ? आणि पूजा?”

हेमंतनं नारळ त्यांच्या हातात ठेवला. त्याचं तोंड सवयीनं हसायला निघालं होतं, त्यानं ते आवरलं.

“हा माझा नाही,” तो म्हणाला. “मघाशी सांगितलं ते खरं होतं. वर्षभर मला माहीत होतं, आणि वर्षभर तुम्ही तिला हसत होता तेव्हा मी गप्प बसलो होतो. तिनं गाडी सोडली ती माझ्यामुळं. पेट्याही माझ्यामुळंच गेल्या.”

या वेळी कुणी हसलं नाही.